लुगड्यावरचा डबा

ब्रुनाबाईंच्या प्रदर्शनाला पुण्यातली माणसं आली ती चित्रं बघायला कमी आणि बोलायला जास्त.

टिळक रस्त्यामागच्या एका लहानशा हॉलमध्ये सात मोठ्या चौकटी लावल्या होत्या. त्यांवर कॅनव्हास नव्हतं. प्रत्येक चौकटीवर एक जुनं सुती नऊवारी लुगडं ताणून खिळ्यांनी बसवलेलं होतं, आणि त्यावर दुकानांच्या पाट्या रंगवतात त्या रंगानं स्टीलचं एकेक भांडं काढलेलं. कुठं परात, कुठं कळशी, कुठं पिठाचा डबा. भांडी माणसापेक्षा उंच. चकाकी अशी, की समोर उभं राहिलं की पदर सारखा करावासा वाटे.

"वजनावर आहेत का नगावर?" एका टोपीवाल्या गृहस्थांनी मला विचारलं.

"आपल्याकडे भांडी घासायला बाई मिळते, त्यांच्याकडे रंगवायला," त्यांच्यासोबतचे म्हणाले. "प्रगत देश."

मी दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. मला सातवा महिना होता. ब्रुनाबाईंना मराठी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं आणि मी लग्नाआधी दोन वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकलेली, म्हणून लोकांचं त्यांना आणि त्यांचं लोकांना सांगायचं काम माझ्याकडे. त्या आमच्या भाडेकरू. कोथरूडला आमच्या घरामागं गोठा होता. जमीन सोसायटीला विकल्यावर म्हशी कमी झाल्या, तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझे सासरे हिंदुराव यांनी, त्याला फरशी घालून खोली केली. तीत त्या राहत. मूळच्या इटलीतल्या तूरिन शहरच्या, पंचेचाळिशीच्या, केस पुरुषासारखे कापलेले. नवरा इटलीला निघून गेला तेव्हा त्याचे शर्ट मागं राहिले होते, ते त्या घालत.

"काय म्हणतात?" त्या मला विचारत.

"आवडलं म्हणतात."

"खोटं," त्या म्हणत. "तूरिनमध्येही लोक असंच तोंड करून उभे राहायचे."

भांडी लुगड्यांवर का, हे मी प्रत्येकाला समजावत होते. मथुराबाई बोहारीण डोक्यावर स्टीलची पाटी घेऊन दारावर येते. बायका तिला जुनी लुगडी देतात, ती त्यांना भांडं देते. ब्रुनाबाई मग मथुराबाईकडून ते लुगडं विकत घेत, त्याच्या बदल्यात कुठलं भांडं गेलं ते विचारून घेत, आणि नेमकं तेच भांडं त्याच लुगड्यावर काढत. बाईनं काय दिलं आणि काय घेतलं, दोन्ही एका जागी.

"म्हणजे पावतीच की," टोपीवाले म्हणाले.

आणखी एक गोष्ट मी सांगत असे, पण तोवर लोक पुढं सरकलेले असत. लुगडं त्या कापत नसत. चौकटीवर बसेल तेवढं पुढं, उरलेले पाच-सहा वार मागं गुंडाळी करून सुतळीनं बांधलेले. नेसलेलं कापड कापलं की त्याची चिंधी होते आणि चिंधीवर चित्र काढायला माझी तयारी नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. शेवटची अशी होती : प्रदर्शनात भांड्यांची मोड घेतली जात नाही, याची रसिकांनी नोंद घ्यावी.

ब्रुनाबाईंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "हा माणूस तूरिनच्या त्या माणसाचा भाऊ असणार."

त्या माणसाची हकिगत मला ठाऊक होती. तूरिनमध्ये त्या एका मोठ्या दुकानाच्या काचेमागची सजावट करत. साबणाचे पुडे, कॉफीचे डबे रचता रचता त्या तेच रंगवायला लागल्या, दाराएवढे. साठ-बासष्ट साल असेल. तिकडे तेव्हा दुकानातल्या वस्तूंची चित्रं काढणाऱ्या पोरांचं मोठं नाव होत होतं. ब्रुनाबाईंनी तेच केलं तेव्हा पेपरवाल्या त्या माणसानं लिहिलं, बाईंनी बाजारहाट बरा केला आहे. तरी त्या थांबल्या नाहीत. लग्नात आईनं दिलेल्या चादरींपैकी एकीवर त्यांनी कपडे धुण्याच्या पावडरीचा पुडा काढला, आणि ते चित्र व्हेनिसच्या एका प्रदर्शनासाठी मागितलं गेलं. न्यायला माणूस येणार त्याच्या आदल्या दिवशी सासूनं चादर चौकटीवरून काढली आणि राखेच्या पाण्यात उकळली. तेव्हा त्या पाण्यातला रंग वापरत. चादर पांढरी झाली नाही, पण चित्र गेलं. सासू म्हणाली, चांगली चादर होती.

त्यानंतर त्यांना कुणी काही मागितलं नाही. नवऱ्याला इकडे स्कूटरच्या कारखान्यात पाठवलं म्हणून त्या पुण्यात आल्या. त्याचं काम संपलं, तो गेला, त्या मथुराबाईच्या गाठोड्यापायी राहिल्या. आणि आता बारा वर्षांनी तूरिनच्या एका गॅलरीवाल्यानं ही सात चित्रं मागितली होती. सातच्या सात, चैत्रात मुंबईहून सुटणाऱ्या बोटीनं.

"पुन्हा कुणी विचारणार नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "बाईला एकदा विचारतात. मला दुसऱ्यांदा विचारलंय."

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या. माझ्या सासूबाई, मुक्ताबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. भाडेकरणीनं एवढं काय मांडलंय ते बघू, म्हणून बसनं आल्या, जांभळी नायलॉनची साडी नेसून. परात बघितली, कळशी बघितली. डब्यापुढं मात्र थांबल्या. वाकून काठाजवळ नाक नेलं. तिथं चुलीच्या ठिणगीनं पडलेलं भोक होतं, पोपटी दोऱ्यानं भरलेलं.

"शालन," त्या हळूच म्हणाल्या, "ह्ये माझ्या आईचं हाय."

मी जवळ जाऊन बघितलं.

"ह्ये भोक मी भरल्यालं. हिरवा दोरा न्हवता म्हनून पोपटी घातला, तर आई आठ दिस बोलली न्हाई माझ्याशी." त्या मागं सरल्या आणि आख्खा डबा खालपासून वर पाहिला. "आन् ह्यो माझा डबा."

मागून कुणीतरी म्हणालं, "जरा बाजूला होता का आजी, आम्हालाही पीठ बघू दे."

आत्याबाई बाजूला झाल्या.

लुगडं त्यांनी स्वतःच दिलं होतं, मागल्या वर्षी, मी पाहताना. तेव्हा घरात सगळं नवं यायचं चाललं होतं. सुती धुवा, पिळा, वाळवा यापेक्षा नायलॉन झटकलं की झालं, म्हणून त्यांनी कपाटातलं एकेक सुती लुगडं मथुराबाईच्या गाठोड्यात टाकलं आणि फळीवर एकेक भांडं चढवलं. डब्यासाठी घासाघीस चालली होती. मथुराबाई म्हणाली आणखी एक टाका, तेव्हा त्यांनी तळाचं ओढून टाकलं. ते सोजरबाईचं, त्यांच्या आईचं.

आता माझे दिवस भरत आले आणि त्यांना आठवलं. आमच्या घरची रीत अशी, की पाचवीपर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, आणि पहिलं गुंडाळायचं ते जिची सगळी लेकरं जगली अशा म्हातारीच्या लुगड्यात. सोजरबाईची नऊच्या नऊ जगली होती. आमच्या यांना त्याच लुगड्यात गुंडाळलं होतं, नणंदांनाही. आत्याबाईंनी ट्रंका उघडल्या, माळे शोधले. घरात स्टील होतं, नायलॉन होतं, टेरिलीन होतं. सुती लुगड्याचा हातभर तुकडा नव्हता. शेजारीपाजारीही नव्हता. सगळ्या गल्लीनं मथुराबाईला देऊन भांडी घेतली होती.

मग प्रदर्शन उतरून चित्रं परत आल्यावर त्या मला घेऊन मागल्या खोलीपुढं गेल्या.

"तिला सांग, भाड्यानं खोली दिली, आईचं लुगडं दिलं न्हाई. त्ये ऱ्हाऊ दे, माझ्या नातवाला पायजे. लोकांच्या पुढं माझ्या आईला टांगून ठिवली हुती, लाज वाटती का इचार. आन् उद्या सकाळपातूर काढून दे म्हनावं."

मी ब्रुनाबाईंना म्हटलं, "त्यांच्या आईचं लुगडं आहे. बाळासाठी हवंय."

"एवढंच?" आत्याबाई म्हणाल्या. "मी कवाधरनं बोलतीय, तू एका घासात सांगितलंस."

ब्रुनाबाईंनी हातातला ब्रश रॉकेलच्या डबड्यात ठेवला. त्यांनी चादरीची गोष्ट सांगितली, सगळी. मला सांगितली होती त्याहून शांतपणे. "एकदा सासूनं चित्र धुतलं," त्या म्हणाल्या. "आता दुसरीच्या सासूनं नाही."

ती गोष्ट मी आत्याबाईंना नीट सांगितली, काही गाळलं नाही. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली.

"मंग त्या सासूचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मागल्या नळाची तोटी काढून घेतली गेली. उरलेली म्हैस ब्रुनाबाईंच्या दारात बांधली. त्या रोज शेणातून पाय टाकत बाहेर पडत आणि चौकातल्या नळावरून बादली आणत. मग एका सकाळी त्यांच्या दारावर हातभर उंच अक्षरांत एक शब्द दिसला. त्यांच्या चार मराठी शब्दांपैकी एक, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बघून काढलेला, लाल, मागं काळी सावली टाकलेला : नको. जाणारे येणारे थांबून बघत. मामंजी म्हणाले, अक्षर चांगलं आहे बाईचं. त्यावर त्यांना दोन दिवस आमटी अळणी मिळाली.

मधला मार्ग सगळ्यांना दिसत होता. आमचे हे दोघींकडे जाऊन आले. मागची गुंडाळी कापा, चित्र तुमचं राहील, कापड आईला मिळेल.

ब्रुनाबाई म्हणाल्या, कापलं तर सात चित्रांऐवजी सहा चित्रं आणि एक चिंधी पाठवली असं होईल, आणि तो माणूस चिंधी परत पाठवील. तिकडे कापलेली, फाडलेली कापडं पंधरा वर्षांपूर्वीच लावून झाली. म्हणतील नक्कल केली.

आत्याबाई म्हणाल्या, "आईचं लुगडं मी फाडीन, माझ्या हातानं, नातवासाठी. तिनं कापून दिल्याला तुकडा भिकारनीनं घ्यावा."

"अगं पण कापायचंच आहे ना शेवटी?" हे म्हणाले.

"तुला कळायचं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. ब्रुनाबाईंनीही यांना तेच सांगितलं होतं, इंग्रजीत.

मला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असून बाळंतपण सासरी. चैत्रातल्या एका दुपारी, उन्हानं पत्रे तडतडत असताना, माझा मुलगा झाला. सुईणीनं त्याला पुसलं आणि हात पुढं केला. आत्याबाईंनी मामंजींचं धोतर दिलं. ते देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. धोतर दोन-चारदाच नेसलेलं, जाडंभरडं, खळ न गेलेलं. बाळाच्या मानेला, काखेत लाल पुरळ उठलं. तो रडायचा तेव्हा मुठी अशा आवळायचा की नखं तळव्यात रुतायची. मी एकेक बोट सोडवून आपलं बोट आत ठेवायची. आत्याबाई रात्रंदिवस त्याच्याजवळ, पण त्याला उचलताना दरवेळी धोतराचा काठ दुमडून घ्यायच्या, त्यांच्याच मानेला टोचत असल्यासारखा.

पाचवीच्या आदल्या दिवशी सकाळी मागून हातोड्याचा आवाज यायला लागला. ब्रुनाबाई चित्रांसाठी लाकडी खोकी ठोकत होत्या. आत्याबाई उठल्या. फळीवरची मोठी कात्री घेतली आणि मागल्या दारानं निघाल्या.

बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो. मी बाळाला छातीशी धरलं आणि ओलांडला.

पोचले तेव्हा दोघी डब्याच्या चित्राच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. आत्याबाईंच्या हातात कात्री, ब्रुनाबाईंच्या हातात हातोडा. कुणाला कुणाची भाषा धड येत नव्हती आणि दोघींचं सगळं चोख चाललं होतं.

"सरक."

"नको."

"माझ्या आईचं हाय."

"माझं," ब्रुनाबाई मराठीत म्हणाल्या. हा शब्द त्यांना येतो हे मला माहीत नव्हतं.

मी चित्राच्या मागं जाऊन भिंतीला टेकून खाली बसले. गुंडाळी समोरच होती. सुतळीची गाठ एका हातानं ओढली तर ती सुटली. लुगडं फरशीवर उलगडत आलं, हिरवं, मऊ, वर्षानुवर्षं धुऊन पिठासारखं झालेलं. मी बाळाला धोतरातून काढलं, त्यावर ठेवलं आणि पदराकडची बाजू त्याच्या अंगावरून घेतली. कापड अजून चौकटीला जोडलेलंच होतं. पुढं डबा, मागं तो.

तो दोनदा हुंदकला, मूठ उघडली आणि झोपला.

दोघी चित्राला वळसा घालून दोन बाजूंनी आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग आत्याबाई म्हणाल्या, "बाळंतीन हाईस. फरशी गार हाय. खाली काय तरी घे."

ब्रुनाबाईंनी आपली गादी ओढून आणली. कुणाकडे बघितलं नाही.

बारशापर्यंत मी रोज तिथंच बसले. आत्याबाईही, नातू जिथं तिथं त्या. एका खोलीत दोघी, एकमेकींना पाठ करून. एक खोकी ठोकायची, दुसरी बाळाच्या टाळूवर तेल थापायची.

"ठोकू नको म्हनावं, दचकतंय."

"तेल कापडाला लागतंय म्हणावं."

"लागू दे. आईच्या लुगड्याला तेल न्हवतं का लागत?"

कधी आत्याबाई पुढं जाऊन डब्याकडे टक लावून बघायच्या. "डबा येवढा न्हवता," त्या एकदा म्हणाल्या. "येवढा असता तर मी मथुराबाईशी कशाला भांडले असते." मी हे ब्रुनाबाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण हातोडा क्षणभर थांबला.

बाळानं लुगडं ओलं केलं, एकदा नाही, रोज. आत्याबाई बादली घेऊन आल्या तेव्हा ब्रुनाबाईंनी लुगड्याचं टोक घट्ट धरलं. धुवायचं नाही. दोघींची ओढाताण झाली. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या नातवाचं मूत इलायतेला चाललंय, शोभतंय का ह्ये," आणि टोक सोडून दिलं.

बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मुंबईला संध्याकाळपर्यंत माल पोचला नाही तर बोट जाणार होती. सहा खोकी चढली. सातवं उघडं होतं आणि त्यात जायच्या चित्राच्या मागं माझा मुलगा झोपला होता. रात्रभर पोटात दुखून तळमळला होता, नुकताच निजलेला.

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. ब्रुनाबाईंनी बाहेर जाऊन त्याला हातानंच थांब म्हटलं. त्यानं घड्याळ दाखवलं. त्या आत आल्या, बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला उचलायला वाकले तर त्यांनी मान हलवली. आणि खोक्यावर बसून राहिल्या. गुडघ्यावर हात, हातात खिळे. टेम्पोवाला दारात येऊन म्हणाला, बाई, घाटात ट्राफिक लागतं, मग मला बोल लावायचा नाही. त्यांना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. त्या उठल्या नाहीत.

आत्याबाई कोपऱ्यातून हे बघत होत्या. त्यांना काही करायची गरज नव्हती. नुसतं बसून राहिलं असतं तरी बाळ तास-दोन तास उठलं नसतं, बोट गेली असती आणि लुगडं घरात राहिलं असतं. आत्याबाईंना ते कळत होतं. मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्या उठल्या. बाळाच्या मानेखाली हात घातला.

"माझ्या नातवापायी कुनाची बोट चुकली, असं बोलायला ठिवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ने म्हनावं."

त्यांनी त्याला लुगड्यातून काढून आपल्या नायलॉनच्या पदरात घेतलं. तो किंचाळून उठला. ब्रुनाबाईंनी गुंडाळी केली, चित्र खोक्यात सरकवलं, झाकणाला खिळे ठोकले. बाळ रडत होतं, हातोडा चालला होता, आणि या वेळी कुणी कुणाला थांबवलं नाही. टेम्पो गेला तेव्हा आत्याबाई माझ्याकडे वळल्या.

"आता खोली मोकळी करायला सांग."

ब्रुनाबाई खडकीला राहायला गेल्या, दादामियाँ म्हणून एका फर्निचरवाल्याच्या माडीवर. जाताना दारावरचं नको त्यांनी पांढऱ्या रंगानं पुसून दिलं.

दिवाळीच्या सुमारास त्या एकदा आल्या. फाटकाबाहेरच उभ्या राहिल्या. बाळ माझ्या कडेवर होतं. बसायला लागलं होतं. त्यांनी त्याला बोट दिलं, त्यानं ते तोंडात घातलं. चित्रांचं काय झालं ते त्यांनी तिथं उभ्यानंच सांगितलं. गॅलरीवाल्यानं आधी गुंडाळ्या मागंच ठेवून चित्रं टांगली. पेपरात आलं, बाई अजून बाजारातच आहेत. मग ब्रुनाबाईंनी इथून तार केली, लुगडी सोडा. सोडली. जमिनीवर दारापर्यंत लुगडी पसरली. माणसं फार आली नाहीत. आली ती कडेकडेनं चालली. सहा चित्रं परत यायची आहेत. डब्याचं एका लहान गावच्या संग्रहालयानं ठेवून घेतलं. आपलं चित्र कुणी ठेवून घेण्याची ही पहिली वेळ, असं त्या म्हणाल्या. मग आपण असं बोललो याचाच राग आल्यासारखं त्यांनी तोंड फिरवलं.

आत्याबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नव्हती, पण सूप हलायचं थांबलं होतं.

"काय म्हंती?"

मी सांगितलं. लुगडं आता परत येणार नाही, हेही सांगितलं.

त्यांनी मूठभर दाणे सुपात टाकले.

"कसर लागती सुती कापडाला," त्या म्हणाल्या. "त्ये लोक काय घालत्यात का त्यात, इचार तिला."

मी विचारलं. ब्रुनाबाईंना माहीत नव्हतं.

"मंग कडूलिंबाचा पाला घालायला सांग म्हनावं. वाळवून. दर पावसाळ्याच्या आत बदलायचा." त्या सूप घेऊन उठल्या. "आन् घडी एकाच जागी मोडू नका म्हनावं, तिथं फाटतं."

आणि आत निघून गेल्या. मी ब्रुनाबाईंना ते सगळं सांगितलं, पाला, वाळवणं, घडी. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि फाटकाला टेकून तळहातावर लिहून घेतलं.